भाकरीवरचे जवळचे तीळ

आठ ग्रह एका राशीत येऊन बसतीन अन् दुनिया बुडन, असं सारं गाव बोलून राह्यलं होतं. कडूबाले त्याचं काही वाटत नव्हतं. दुनिया बुडो नाहीतं राहो, त्याले एकच पाहिजे होतं. शेषरावापासून अन् त्या विहिरीपासून दूर जायचं. बाजाराच्या दिवशी साखरखेर्ड्याचा भगवंतराव येणार होता. त्याच्या हाती अर्धा मळा अन् अर्धी विहीर द्यायची, अन् देऊळगाव राजाले लेकीच्या गावी जाऊन बालाजीच्या छायेत भाजीचं दुकान मांडायचं. बोलणं झालं होतं, सुपारी फुटायची तेवढी बाकी होती.

साल बासष्टचं. महाराष्ट्र नवा-नवा झाला होता. आधी नागपूर, मंग मुंबई, आता हे. गाव जागच्या जागी अन् राज्य तिसरं. म्हातारे म्हणत, आपण काही हललो नाही बाप्पा, तरी पत्ता बदलून राह्यला.

ते विहिरीचं सांगतो. कडूबा अन् शेषराव चुलतभाऊ. दोघायच्या बापायनं खांद्याले खांदा लावून ती विहीर खोदली होती. विहिरीले दोन मोटा अन् दोन धावा. धाव म्हणजे बैल ज्याच्यावरून खाली जातात अन् मोट वर येते, तो उतार. कडूबाची धाव उगवतीकडे, शेषरावाची मावळतीकडे. पोटात विहीर मोठी, पण तोंडाशी आवळलेली. दोन भरल्या मोटा एकदम वर आल्या तं तोंडातच अडकायच्या. म्हणून एकाची वर, तं दुसऱ्याची खाली, असा मेळ. अन् दोन्ही मोटकऱ्यायच्या पाठी एकमेकाकडे. पाहायची सोयच नाही. मंग हा मेळ बसावा कसा? हाळीनं. कडूबानं उगवतीकडून गाण्याची ओळ फेकली का शेषरावानं समजायचं, भावाची मोट रिकामी झाली, आता आपली उचला. शेषरावाची ओळ आली का कडूबानं बैल हाणायचे. सारी सकाळ हे चाले. लोक म्हणत, या विहिरीतून पाण्याच्या आधी गाणं निघते.

अन् गाण्यानंच घात केला. कडूबाच्या लेकीले पाहाले पाहुणे आले. कडूबानं पाटलाचं पागोटं उसनं आणून डोक्यावर चढवलं अन् पाहुण्यायले मळा दाखवाले घेऊन आला. शेषराव तिकून धावेवर. त्याले काय सुचलं कोण जाणे, गळा मोकळा करून त्यानं ओळ फेकली:

‘पागोटं उसनं, त्याले पीळ मोठा गं,
मालकानं मागितलं, डोक्याले तोटा गं.’

पाहुणे पोट धरून हासले. लेकीचं जमलं, लग्नही झालं, पण कडूबाच्या काळजातून शेषराव उतरला तो उतरलाच. दुसऱ्या दिवशी शेषरावाची ओळ आली, कडूबा गप. पुन्हा आली, तरी गप. काही दिवसायनं तिकूनही यायची बंद झाली.

आता हाळी नाही तं दोन मोटा चालतीन कशा? म्हणून पाळ्या पडल्या. आज तुही, उद्या माही. ज्याची पाळी सरली त्यानं मोटेच्या खांबाले कडुलिंबाची डहाळी बांधायची. दुसऱ्यानं ती सोडून फेकायची अन् आपली मोट जुंपायची. सात वर्षं त्या विहिरीवर डहाळ्याच बोलत राह्यल्या.

तेच भगवंतरावानं हेरलं. एक दिवस बैलायच्या धमणीतून उतरला, वांग्यायची तारीफ केली, अन् हळूच म्हणे, “कडूबा, या उन्हाळ्यात शेषराव पाळी मोडनार म्हणते. मी ऐकलं बाप्पा, खरं-खोटं माहीत नाही. त्यापेक्षा तू मले देऊन टाक. अन् पाहा, कोणाजवळ बोलू नको. बोललं का भाव पडते.”

कडूबा घरीही नीट बोलला नाही. रुखमाबाई, त्याची बायको, तिले अर्धं सांगितलं, अर्धं तिनं ओळखलं.

इंद्रभान गुर्जी शाळेवर होता. चिखलीकडला, तरणा, एकटा जीव. शाळेच्याच खोलीत राहे अन् जेवाले कडूबाच्या घरी येई. अष्टग्रहीचा बोभाटा झाल्यापासून त्यानं मारुतीच्या पारावर ओरडू-ओरडू घसा बसवून घेतला होता, का बाप्पाहो, काही होत नाही. पण कोणी ऐकलं नाही. अमावास्येले हवन ठरलं, अन् त्या दिवशी गावात औत नाही, मोट नाही, सारे मारुतीपाशी, असा हुकूम झाला.

हवनाच्या आदल्या सांजेले गुर्जी जेवाले बसला होता. रुखमाबाई चुलीपाशी बाजरीची भाकर थापून राह्यली होती.

“गुर्जी, खरं सांगजो,” ती म्हणे. “आठही जण एका लायनीत आले तं धडकतीन नाही काय?”

“नाही हो काकू. आपल्याले ओळीत दिसतात एवढंच. पारावरून पाहिलं तं मारुतीचा कळस अन् मागची टेकडी एकमेकाले टेकलेली दिसते. टेकली काय?”

“म्हणजे कोणी कोणाले धडकत नाही.”

“धडकायचं काय घेऊन बसल्या. उलट सारं आभाळ पांगून राह्यलं आहे. हा सूर्य, हे सारे तारे, मिळून आपली एक आकाशगंगा. अशा करोडो आहेत. अन् त्या एकमेकींपासून दूर दूर चालल्या.”

कडूबाचा घास हातातच राह्यला. “साऱ्या?”

“जवळपास साऱ्याच.”

“कोण हाकलून राह्यलं त्यायले?”

“कोणी नाही काका. मधातली जागाच पसरून राह्यली. काकू, त्या भाकरीवर तीळ टाका बरं.”

संक्रांतीचे तीळ उरलेले होते. रुखमाबाईनं चिमूटभर टाकले अन् भाकर थापत नेली. भाकर मोठी झाली तशे तीळ पांगले.

“पाहा,” गुर्जी म्हणे. “तीळ चालले काय? नाही. भाकर पसरली. आता कोणत्याही तिळाले विचारा, तो म्हणन मी जाग्यावरच आहे, बाकीचेच पळाले.”

कडूबाले एवढं बरं वाटलं का त्यानं अजून एक भाकर मागून घेतली. सात वर्षं त्याच्या मनात एक काटा होता, का आपण चुकून तं नाही राह्यलो? बापायची विहीर, अन् आपण विकून राह्यलो. आता हे आभाळच सांगून राह्यलं.

“ऐकलं काय वो?” तो बायकोले म्हणे. “देवाच्या घरीही दूर जायचीच रीत आहे. मी काय वेगळं करून राह्यलो?”

“तीळ निदान भावावर रुसून तं नाही गेले,” रुखमाबाई म्हणे अन् भाकर तव्यावर टाकली.

जेवण झालं. गुर्जी हात धुवाले अंगणात गेला, मागून कडूबा लोटा घेऊन. चंद्र नव्हता. आभाळ चांदण्यायनं फुटून राह्यलं होतं. गुर्जीनं मावळतीकडे बोट केलं. “तो धुरकट ठिपका दिसते काय? राखेचं बोट लागल्यावानी?”

कडूबानं डोळे बारीक केले. दिसला.

“ती देवयानी. ती तारा नाही, आपल्यावानी दुसरी आकाशगंगाच. आपली शेजारीण.”

“तेही पळून राह्यली असन.”

“नाही. ती इकडेच येऊन राह्यली.”

कडूबा हासला. त्याले वाटलं गुर्जी मस्करी करते. पण गुर्जी हासला नाही.

“चुटकी वाजवली का बुलढाण्याच्या पल्याड, अशा वेगानं येऊन राह्यली, काका. सरळ आपल्यावर. एक दिवस धडक होईन म्हणतात.”

लोट्यातलं पाणी कडूबाच्या पायावर सांडत राह्यलं अन् त्याले समजलंच नाही. तो तिथंच ओट्यावर बसला. “तू आताच म्हणे ना बे, सारं दूर चाललं?” गुर्जीले तो कधी ‘बे’ म्हणत नसे.

“दोन्ही खरं आहे.”

“दोन्ही कसं खरं? एका तोंडानं भाकर पसरवतो अन् दुसऱ्या तोंडानं गोळा करतो काय?”

गुर्जी घरात गेला अन् तिळाची उरलेली भाकर टोपल्यात घेऊनच बाहेर आला. कंदिलापाशी धरली. “हे पाहा. हे दोन तीळ.” दोन तीळ एकमेकाले चिकटून भाजले होते. भाकर एवढी थापली, सारे पांगले, ते दोघं तशेच.

“वस्तूले वस्तूची ओढ असते,” गुर्जी म्हणे. “आंबा खाली पडते ना, तीच ओढ. जे लय दूर आहेत त्यायच्या मधात जागा लय. तेवढी सारी जागा पसरते, तिच्यापुढे ओढ पुरी पडत नाही. ते गेलेच. पण जे जवळ आहेत त्यायच्या मधात जागाच थोडी, तं पसरनं किती? तिथं ओढ जिंकते. देवयानी अन् आपण जवळचे. दुनिया केवढीही पसरो, हे दोघं काही सुटत नाहीत.”

कडूबानं ते दोन तीळ नखानं टोकरून पाहिले. “अन् केव्हा येते म्हणतो ते?”

“शेकडो कोटी वर्षं लागतीन.”

“मंग माह्या उद्याच्या भाकरी होतात,” रुखमाबाई आतून म्हणे. तिचा जीव भांड्यात पडला होता.

कडूबाचा नाही पडला. वर्षायचं त्याले काही नव्हतं. “धडकल्यावर भुगा होत असन साऱ्यायचा.”

“तेही नाही. ताऱ्याले तारा लागायचाही नाही. एवढी मोकळी जागा आहे मधात. समजा सूर्य म्हणजे एक मोहरी, साखरखेर्ड्यात ठेवली. तं दुसरी मोहरी बुलढाण्यात. कशी लागन एकमेकाले? दोन धनगरायचे कळप समोरासमोर आले तं मेंढरं मरतात काय? एकमेकातून निघून जातात. पण ओढ असते ना, म्हणून पुढे जाऊन पुन्हा वळतीन, पुन्हा मिसळतीन. होता होता दोन्हीची एकच आकाशगंगा होईन.”

“लागायचंही नाही अन् सुटायचंही नाही,” कडूबा म्हणे. “हे तं लयच बेकार झालं, गुर्जी.”

सकाळी मारुतीपाशी ढोल सुरू झाले. सारं गाव तिकडे. कडूबानं बैल सोडले अन् मागच्या वाटेनं मळ्यात गेला. त्याच्या मनानं घेतलं होतं, का उद्या-परवा विकायचं, तं वांग्यायले शेवटचं पाणी आपल्या हातानं पाजून घ्यावं. आज कोणाचीच पाळी नाही, मोट बंद, तं शेषराव काही येत नाही. हवनातल्या देवाले काय समजते?

विहिरीवर आला अन् पाहते तं मावळतीच्या धावेवर शेषराव मोट जुंपून राह्यला होता.

दोघायनं एकमेकाले पाहिलं अन् दोघायनंही पाहिलंच नाही असं केलं. कोणी तरी फिरावं ना माघारी? पण कडूबा म्हणे मनात, मी काऊन फिरू? शेषरावही तेच म्हणत असन. खांबाले डहाळी नव्हती. कडूबानं मोट सोडली, तिकून शेषरावानं सोडली. दोन्ही तळाले गेल्या, दोन्ही भरल्या. दोघायनं पाठी फिरवल्या अन् बैल हाणले. हाळी कोणी दिली नाही.

दोन भरल्या मोटा एकदम वर आल्या अन् विहिरीच्या तोंडात एकमेकीत घुसल्या.

आवाज असा झाला का जसं कोणी ओलं चामडं फाडलं. कडूबाचे बैल जाग्यावर थिजले. मोटेचा दोर, तो नाडा, तारेवानी ताणला. मोऱ्या, डावीकडला बैल, त्याचा गुडघा दुमडला अन् तो बसला. कडूबाचा नाडा ढिला पडला. त्याची मोट शेषरावाच्या मोटेत अडकली होती, तं आता दोन्ही मोटायचं वजन एकट्या शेषरावाच्या जोडीवर गेलं.

कडूबानं वळून पाहिलं. विहिरीच्या पल्याड शेषरावाचे बैल माघारी येऊन राह्यले होते. येत नव्हते, ओढले जाऊन राह्यले होते. खुरं जमिनीत रुतवून, माना वर करून, पाठीकडून विहिरीच्या तोंडाकडे. अन् शेषराव नाड्याले लोंबकळून, टाचा मातीत गाडून, तोही त्यायच्या संगं. त्यानं ओरडावं ना? तो ओरडत नव्हता. बैल जाईन, आपण जाऊ, पण कडूबाले हाक मारायची नाही. एवढं? आपल्या दोघात हे एवढं वाढलं?

त्यानं मोऱ्याच्या शेपटीले पीळ देऊन त्याले उठवलं, जोडी खाली हाणली. नाडा ताणला, अर्धं वजन आपल्याकडे आलं. शेषरावाचे बैल थांबले. पण असं किती वेळ धरून ठेवतीन? वर ओढलं तं दोन्ही फाटतीन. आता एकच वाट होती. दोन्ही जोड्या एका चालीनं माघारी घ्यायच्या अन् मोटा हळूहळू पाण्यात सोडायच्या. तिथं वजन उतरलं का सुटतीन. पण एकाचं पाऊल पुढं-मागं झालं का दुसऱ्याचे बैल विहिरीत. अन् दोघायच्या पाठी एकमेकाकडे.

कडूबानं तोंड उघडलं. मंग आवाज आला. त्याचाच होता, पण त्याले ओळखू आला नाही.

“हो... शेषा, माघारी घे. पाऊल टाक.”

तिकून काही नाही. ढोल तेवढे वाजून राह्यले होते.

“शेषा. ओळ दे बे.”

मंग मावळतीकडून आलं, फाटलेलं, थरथरतं, “हो... घेतलं. तू घे.”

“हो... घेतलं. तू घे.”

तशे ते बैल माघारी आले. एक हाळी, एक पाऊल. खाली पाण्यात धप्प झालं अन् दोन्ही नाडे ढिले पडले. कडूबानं बैल सोडले अन् तिथंच मातीत बसला. शेषराव विहिरीले वळसा घालून आला. त्याच्या तळहातायचं कातडं सोलून निघालं होतं. तो उभाच राह्यला.

“काऊन आला होता बे आज?” कडूबा म्हणे. “आज मोट बंद होती.”

“तू काऊन आला होता?”

“मी पुसलं आधी.”

शेषरावानं हात धोतराले पुसले. “शेवटचं पाणी द्याले आलो. मिरच्यायले.”

“शेवटचं म्हणजे?”

“विकून राह्यलो. तुले काय करायचं? तुह्या गळ्यातली धोंड निघन.”

कडूबा उठून उभा राह्यला. “कोणाले?”

शेषरावानं इकडे तिकडे पाहिलं, जसं झाडावर कोणी ऐकत असन. “त्यानं सांगू नको म्हटलं. भगवंतरावाले. बाजाराच्या दिवशी येते.”

कडूबानं आपल्या धावेकडे पाहिलं. शेषराव त्याच्याकडे पाहात होता, अन् पाहता पाहता त्याच्याही ध्यानात येऊन राह्यलं.

“तुहीही?” तो म्हणे.

“अर्धी तुही, अर्धी माही,” कडूबा म्हणे. “सारी विहीर. बापायनं खोदली ती सारी. अन् तुले त्यानं म्हटलं असन, का कडूबा उन्हाळ्यात पाळी मोडनार.”

“तेच म्हणे. तेच शब्द.”

दोघायनंही त्या विहिरीत वाकून पाहिलं, जसं काही पडलं होतं आत.

“एका शब्दाचं काम होतं बे,” शेषराव म्हणे. “एक दिवस तू पुसलं असतं.”

“तू पुसाचं.”

“मी ओळ फेकत होतो. किती दिवस फेकली. तू आला नाही.”

कडूबानं बटव्यातून तंबाखू काढला, चुना लावला, मळला, अन् अर्धा शेषरावाच्या सोललेल्या तळहातावर ठेवला. चुन्यानं त्याले झोंबलं असन. पण त्यानं हात मागं घेतला नाही.

बाजाराच्या दिवशी भगवंतराव धमणीतून आला. नवं उपरणं, हातात सुपारीचा पुडा. विहिरीपाशी आला अन् तसाच थांबला. उगवतीच्या धावेवर कडूबा, मावळतीच्या धावेवर शेषराव. दोन्ही मोटा चालू. खांबाले कुठंच डहाळी नाही. मोटायले ठिगळं लावलेली, पाणी गळत होतं, पण थारोळ्यात, मोट ओतायच्या हौदात, पडतही होतं.

“अरे, हे काय लावलं?” भगवंतराव म्हणे. “कडूबा, आपलं बोलणं झालं होतं.”

“झालं होतं,” कडूबा धावेवरूनच म्हणे. “तिकून शेषासंगही झालं होतं. आधी त्याच्याशी निपटून घ्या, मंग मी आहेच.”

भगवंतराव इकून तिकडे पाहे, तिकून इकडे. मंग जराशानं म्हणे, “मी खोटं बोललो काय? तुमी एकमेकाले पुसतच नव्हते, तं मी काय करू?”

कडूबानं बैल माघारी घेऊन मोट पाण्यात सोडली.

रुखमाबाई गुर्जीले संग घेऊन शिदोरी घेऊन आली होती. ती बांधावर टोपलं टेकवून उभी राह्यली. तेवढ्यात मावळतीकडून ओळ आली. आवाज फाटका, पण चाल तीच:

‘पागोटं उसनं, त्याले पीळ मोठा गं,
मालकानं मागितलं, डोक्याले तोटा गं.’

रुखमाबाईचा हात तोंडावर गेला. तिले वाटलं, झालं, पुन्हा सात वर्षं. कडूबाचे बैल सवयीनं धाव उतरले, मोट वर येऊन रिकामी झाली अन् ते थांबले. कडूबानं नाड्यावर हात तसाच ठेवला. ओळ त्याले लागली होती, जिथं आधी लागली तिथंच लागली. पण हाळीले ओळ नाही गेली तं खाली शेषाची मोट भरून उभी राहीन, ते त्याले समजत होतं. अन् सात वर्षं ज्या घशात गाणं नव्हतं, त्याच्यातून आपल्या आपण निघालं:

‘पागोटं गेलं, डोकं माह्यापाशी गं,
शेषाचं डोकं गहाण भगवंतरावापाशी गं.’

विहिरीच्या पल्याडून शेषराव जो हासला, तो बैल बुजवून राह्यला. भगवंतराव उपरणं सावरत धमणीकडे वळला.

“हाण बे,” कडूबा ओरडला. “माही रिकामी झाली.”